बायका समाधानी आहेत, एवढ्यावर थांबू नका

नोकरीतल्या समाधानाची पाहणी केली की बायका पुरुषांपेक्षा जास्त समाधानी असल्याचं अनेक देशांत दिसून आलं आहे. ब्रिटनमध्ये १९९१ साली हजारो घरांची एक मोठी पाहणी सुरू झाली. नोकरदारांनी आपलं समाधान एक ते सात या मापावर सांगायचं होतं. बायकांचा पगार कमी आणि बढतीची वाट अरुंद, तरी त्यांचा समाधानाचा आकडा पुरुषांच्या वर गेला. अँड्र्यू क्लार्क या अर्थतज्ज्ञाने हीच आकडेवारी हाती घेऊन १९९७ मध्ये प्रश्न विचारला की बायका नोकरीत इतक्या खूश कशा? तेव्हापासून हे कोडं अर्थशास्त्रात चर्चेत आहे.

आपल्याकडे या कोड्याचं उत्तर कुणीही चुटकीसरशी देईल. बायकांना पैशाची फार हाव नसते, घराबाहेर पडायला मिळालं, चार माणसांत मिसळता आलं, हातात स्वतःचे दोन पैसे खुळखुळले की त्या खूश. हे उत्तर मी संस्थाचालकांच्या तोंडून ऐकलं आहे, कार्यालयांत ऐकलं आहे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनही ऐकलं आहे. मला ते खोटं वाटतं. त्याहून वाईट म्हणजे ते सोयीचं आहे. जिची तक्रारच नाही तिचा पगार कशाला वाढवायचा, असा सरळ हिशेब त्यातून निघतो.

क्लार्क यांनी सगळ्या बायका एका गठ्ठ्यात न मोजता वेगवेगळे गट करून पाहिले आणि तिथे कोडं सुटायला लागलं. तरुण बायका, उच्चशिक्षित बायका, वरच्या दर्जाच्या व्यावसायिक पदांवरच्या बायका, ज्यांच्या आयांनी तशी पदं भूषवली त्या मुली आणि जिथे पुरुषांचाच भरणा आहे अशा ठिकाणी काम करणाऱ्या बायका, या गटांमध्ये स्त्री-पुरुषांच्या समाधानातला फरक जवळपास दिसेनासा झाला. बायकांचा स्वभावच समाधानी असता तर तो शिकल्यावर बदलला नसता, आई कोण होती यावरून तर नाहीच नाही. बदलत होती ती अपेक्षा. आपल्याला काय मिळू शकतं याचा अंदाज ज्यांनी लहानपणापासून खाली ठेवला, त्यांना थोडं मिळालं तरी पुष्कळ वाटलं. ज्यांनी शेजारच्या टेबलावरच्या पुरुषाचा पगार पाहिला, त्यांना आपला कमी वाटला. पुढच्या दशकात ब्रिटनमध्ये बायकांची ही आघाडी ओसरत गेल्याचंही अभ्यासकांनी नोंदवलं. नोकऱ्या एकाएकी वाईट झाल्या म्हणून हे घडलं, असं मला वाटत नाही. नोकरीकडून काय मागायचं हे कळलेल्या बायका वाढल्या.

आपल्या देशात याच्याही आधी, याहून जास्त अंगावर येणारा पुरावा आहे. बंगालच्या भीषण दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात आरोग्याची पाहणी झाली होती. अमर्त्य सेन यांनी ती पुढे अनेकदा मांडली. तब्येत बरी नाही किंवा बेताची आहे असं सांगणारे विधुर होते ४८.५ टक्के आणि विधवा होत्या अवघ्या अडीच टक्के. दुष्काळातून वाचलेल्या, त्या काळच्या बंगालमधल्या विधवा! त्यांचं खाणं-पिणं, उपासतापास, घरातलं स्थान आठवा आणि मग हा आकडा पुन्हा वाचा. त्या खोटं बोलत नव्हत्या. तब्येतीची कुरकुर करण्याचा आपल्याला काही हक्क आहे, ही कल्पनाच त्यांच्या वाट्याला आली नव्हती. माणूस काय सोसतो आणि काय बोलतो यांत एवढी दरी पडू शकते, हे ज्याने एकदा पाहिलं त्याने ‘आमच्या महिला कर्मचारी समाधानी आहेत’ हे वाक्य पुन्हा बिनघोर उच्चारू नये.

आता महाराष्ट्रात या. आपल्याकडे बायकांच्या समाधानावर सर्वांत जास्त कुणी जगत असेल तर ती सरकारी यंत्रणा. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. म्हणजे अंगणवाडीने पन्नाशी ओलांडली आहे. तरीही सेविका आणि मदतनीस कर्मचारी नाहीत, त्यांना वेतन नाही, मानधन आहे. आशा तर २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानात स्वयंसेविका म्हणूनच आल्या आणि त्यांचा मोबदला कामागणिक ठरला. या दोन्ही कामांत पुरुष नाहीत. तुलना करायला शेजारचं टेबलच नाही.

आमच्या गावाकडच्या एक अंगणवाडीताई आहेत. गाव त्यांना ‘बाई’ म्हणतं आणि तो मान खरा आहे. सकाळी पोरं गोळा करायची, खिचडी शिजली की नाही पाहायचं, वजनकाट्यावर रडणाऱ्या पोराला झुलवत आकडा वाचायचा, गरोदर बायकांच्या घरी जायचं, मध्येच निवडणुकीचं नाहीतर कुठल्याशा सर्वेक्षणाचं काम अंगावर घ्यायचं. संध्याकाळी रेंज मिळते म्हणून पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून मोबाईलमध्ये माहिती भरायची. त्यांना विचारलं, काम कसं वाटतं? “छान आहे की ताई. पोरं जीव लावतात. गावात किंमत आहे.” यात बनाव काहीच नव्हता, चेहराच सांगत होता. मग विचारलं, सुनेला लावाल का या कामाला? त्या लगेच म्हणाल्या, “नको गं बाई. तिला कायमची नोकरी बघू कुठंतरी.”

ही दोन्ही उत्तरं खरी आहेत आणि माझं म्हणणं या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत आहे. पाहणीचा फॉर्म पहिलं उत्तर लिहून घेतो आणि उठून जातो. दुसऱ्या प्रश्नासाठी त्यात रकानाच नसतो. स्वतःबद्दल विचारलं की बाई आजवरच्या आयुष्याशी तुलना करते: शेतमजुरीपेक्षा बरं, घरात कोंडून बसण्यापेक्षा बरं, निदान सासूसमोर हात पसरावा लागत नाही. सुनेबद्दल, मुलीबद्दल विचारलं की ती कामाची किंमत कामासारखी करते. तिथे तिची तुलना तलाठ्याशी असते, शाळेतल्या गुरुजींशी असते, ज्यांना महिन्याला पगार आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळालं त्यांच्याशी असते.

कामावरचं प्रेम आणि मोबदल्यावरचा राग एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, हे पुरुषांच्या बाबतीत आपण सहज मान्य करतो. शल्यविशारदाचं आपल्या कामावर जिवापाड प्रेम असतं, म्हणून त्याने फी कमी घ्यावी असं कुणी म्हणत नाही. सेविकेने, आशाने, नर्सने, बालवाडीच्या बाईंनी मात्र एकतर प्रेम करायचं नाहीतर पैसे मागायचे, असा पेच आपण त्यांच्यापुढे टाकतो. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. सगळ्यांची छाती अभिमानाने फुगली. पुढच्याच वर्षी याच आशा महाराष्ट्रात संपावर होत्या.

सेविकांच्या बाबतीत तर राज्याने आपलं धोरण उघडच करून दाखवलं. मार्च २०१८ मध्ये त्यांना ‘मेस्मा’ लावला गेला, म्हणजे त्यांची सेवा इतकी अत्यावश्यक की संप करायला बंदी. विधिमंडळात गदारोळ झाल्यावर तो निर्णय स्थगित करावा लागला. त्याच वर्षी केंद्राने सेविकांचं आपल्या हिश्शाचं मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केलं, तेही कित्येक वर्षांनी. सेवा अत्यावश्यक, पण सेवा देणारी मात्र मानधनावरची स्वयंसेविका. २०२१ मध्ये राज्यात ठिकठिकाणी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन सतत बिघडत होते आणि ज्या ‘पोषण ट्रॅकर’मध्ये माहिती भरायची ते इंग्रजीत होतं. मग ४ डिसेंबर २०२३ पासून त्या संपावर गेल्या आणि दीड महिन्याहून जास्त काळ मागे हटल्या नाहीत. सेवा संपुष्टात आणण्याच्या नोटिसा घरी येत होत्या, तरीही. त्यांना संपाच्या आदल्या महिन्यात कुणी ‘कामात समाधानी आहात का’ विचारलं असतं, तर बहुतेकींनी हो म्हटलं असतं, अशी माझी खात्री आहे. संपातही त्यांच्या तोंडी काम नको अशी भाषा नव्हती. या कामाचं वेतन द्या, एवढंच त्या म्हणत होत्या.

सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट ओळखली, ही समाधानाची बाब. गुजरातमधल्या सेविकांच्या प्रकरणात २५ एप्रिल २०२२ ला निकाल देताना त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं न्यायालयाने सांगितलं आणि हे अर्धवेळ काम आहे हा युक्तिवाद फेटाळला.

ऊसतोडीत ही गोष्ट टोकाला जाते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती नवऱ्याच्या नावावर. हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरते. पहाटे उठून भाकऱ्या थापून ती फडात येते आणि रात्री परत चुलीपुढे बसते. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात आणि पाळीच्या दुखण्यालाही सूट नाही. २०१९ मध्ये या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या बीडच्या आकडेवारीनुसार, पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींनी ही शस्त्रक्रिया करून घेतली होती. या बाईला कामातल्या समाधानाबद्दल कुणी विचारायला जात नाही, कारण तिच्या नावावर कामच नाही. मजुरी नावावर नसेल तर ती कमी पडते असं तरी कुणी आणि कुणाला म्हणायचं?

आता पुरुषांकडे वळू, कारण ते कमी समाधानी असतात हीसुद्धा या कोड्याची दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे हसून पाहण्यात अर्थ नाही. पुरुषाची नोकरी हे आपल्याकडे त्याचं एकटं काम नसतं, ती त्याची पत असते. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. बातम्यांनी तो मजेत दाखवला. मला त्यात मजा दिसली नाही. त्यामागे मुलींच्या घटलेल्या प्रमाणाचा प्रश्न होता. शिवाय शेती करणाऱ्या, किरकोळ नोकरी करणाऱ्या मुलाला आता मुलगी मिळत नाही हे गावोगाव दिसतंच आहे. ज्याचं मोल त्याच्या पगारावरून ठरतं तो आपल्या पगाराची तुलना सतत वरच्याशी करणार आणि सतत कमी पडणार. पुरुषाला अपेक्षेचं ओझं फार आणि बाईला अपेक्षा ठेवायचीच मुभा कमी. दोन आकड्यांतला फरक मुख्यतः इथून येतो, असं मला वाटतं.

पुरुषांनी घडवलेल्या व्यवसायात बाई शिरली की काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेत आल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूर ते मुंबई वंदे भारत चालवली. त्यांचे सत्कार झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण त्यांच्यामागून आलेल्या शेकडो मुलींनी जे इंजिन हातात घेतलं, त्यात वर्षानुवर्षं स्वच्छतागृहच नव्हतं. इंजिनांत ते बसवायला सुरुवात झाली तीच गेल्या दहा-एक वर्षांत. तासन्‌तास पाणी न पिता गाडी हाकणारी मुलगी नाराज असेल तर तिला हे काम झेपत नाही असा निष्कर्ष काढणारे भेटतात. वास्तविक त्या व्यवसायाची रचना करताना तिचा विचार कुणी केलाच नव्हता. पुरुषांचा भरणा असलेल्या ठिकाणी बायकांचं ते ‘जास्तीचं’ समाधान का नाहीसं होतं, याचं एक कारण हे. दुसरं म्हणजे तिथे तुलना समोरच असते.

या तुलनेतूनच मुंबईत एक महत्त्वाचा खटला उभा राहिला होता. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत ऑड्री डिकॉस्टा लघुलेखिका होत्या. महिला लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता आणि कामगार संघटनेशी झालेल्या करारातच तो तसा ठरलेला होता. कंपनीचं म्हणणं, या बायका वरिष्ठांच्या दिमतीला असतात, त्यांचा वर्ग निराळा. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की काम तेच असेल तर निराळं नाव देऊन पगार कमी करता येणार नाही, करारात लिहिलं असलं तरी नाही आणि परवडत नाही ही सबब चालणार नाही. समान वेतनाचा कायदा तेव्हा अकरा वर्षांचा झाला होता. तो हलवायला एका असमाधानी बाईने दुसऱ्या टेबलावरचा आकडा पाहून प्रश्न विचारावा लागला.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. बायकांना कामातून वेगळं काही हवं असेल तर? पगारापेक्षा घराजवळचं ठिकाण, ठरलेल्या वेळा, सोबतीणी, कामाचा अर्थ हे त्यांना जास्त मोलाचं वाटत असेल, तर ‘तुम्हाला कळत नाही, तुम्ही खरं म्हणजे दुःखी आहात’ असं त्यांना सांगणारे आपण कोण? हा आक्षेप मला मनापासून पटतो. एखादीने सहा आकडी पगार सोडून गावच्या शाळेत शिकवणं निवडलं तर तिचं समाधान तिचं आहे, ते तपासायला कुणी जाऊ नये. शंका बाईच्या शब्दावर घ्यायची नाही. पुढचा प्रश्न न विचारता तो शब्द वापरणाऱ्यांवर घ्यायची.

आणि निवड म्हणायची तर तिच्या पायाखालची जमीनही मोजा. केंद्राच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, तर त्यात हात घालणाऱ्या पुरुषांची ८८. पावणेपाच तास घरात आधीच ठरलेले असले की पाच वाजता सुटणारी, चालत जाता येईल अशी, कमी पगाराची नोकरी ‘आवडते’. ती खरोखरच आवडते, कारण दुसरी पेलणार नाही. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवलं की ज्या नोकऱ्या माणसाचा वाट्टेल तो वेळ मागतात त्याच भरमसाट पैसे देतात आणि मूल झाल्यावर जोडप्यातली बाईच त्या सोडते. हिंजवडीच्या कुठल्याही कंपनीत पस्तिशीच्या बायकांशी बोलून पाहा. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर हलका प्रकल्प मागून घेतलेल्या सापडतील आणि पुढे तीच निवड त्यांच्या बढतीच्या आड आलेली दिसेल. त्यांच्यातली एखादी मात्र आता समाधानी नाही, कारण तिच्याबरोबर कॅम्पसमधून आलेला मुलगा आज तिचा वरिष्ठ आहे आणि तिला ते रोज दिसतं.

म्हणून मी उलटं म्हणते. पुढच्या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या नोकरदार बायकांचं समाधान आकड्यांत घसरलं, तर त्यावर लगेच चिंतेचे अग्रलेख लिहू नका. आधी पाहा की पगार, वेळा, पाळणाघर, स्वच्छतागृह यांत बिघाड झाला आहे का. ते जागेवर असूनही समाधान घसरलं असेल, तर मुली आपल्या आयांपेक्षा जास्त मागायला शिकल्या आहेत. ते मागणं पुरं करण्याची तयारी ठेवा.

पाहणी करायचीच तर राज्य सरकारने स्वतःपासून सुरुवात करावी. अंगणवाडी, आशा, कंत्राटी परिचारिका, एसटीच्या महिला वाहक, शाळांतल्या पोषण आहार शिजवणाऱ्या बायका, सगळ्यांना विचारावं. ‘समाधानी आहात का’ हा प्रश्न खुशाल ठेवा, पण त्याच्याखाली आणखी प्रश्न असू देत. हेच काम करणाऱ्या पुरुषाला किती मिळतं, ठाऊक आहे का? शेवटचे पैसे किती तारखेला हातात आले? ड्यूटीवर असताना पाणी पिणं टाळता का? स्वतःच्या खिशातून महिन्याला किती खर्च करता, मोबाईलच्या रिचार्जसह? वरच्या पदावर जाण्याची वाट आहे का, आणि असली तर मागच्या पाच वर्षांत कितीजणी गेल्या? मुलीने किंवा सुनेने हे काम करावं असं वाटतं का, नसेल तर का नाही? ही उत्तरं तालुकावार, कामाच्या प्रकारानुसार जाहीर व्हावीत आणि अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी व्हावीत, म्हणजे मानधनाच्या तरतुदीवर बोलायला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक आमदाराच्या हातात ती असतील.